मोझाईक शिकायचंय? आधी ओळी बघायला शिका: पहिल्या खंड्यापासून पहिल्या ऑर्डरपर्यंत

मोझाईक म्हटलं की पुण्यात बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात, जुन्या बिल्डिंगमधली ठिपक्याठिपक्यांची फरशी आणि गच्चीवर उन्हात डोळे दिपवणारं पांढरं चायना मोझाईक. गच्चीवरचं काम मुळात गळती थांबवायला आणि ऊन परतवायला केलेलं असतं, फुटक्या टाईलचे तुकडे सिमेंटात बसवलेले, त्यात कोणी चित्र बघत नाही. पण ते करणारे चांगले मिस्त्री काम करताना एकदा शांतपणे बघा. हातात येईल तो तुकडा उचलतात, अर्धा सेकंद फिरवून बघतात, आणि अशा बाजूने बसवतात की शेजारच्या तुकड्याशी फट सगळीकडे जवळपास सारखी राहते. ही फट सांभाळणं म्हणजेच मोझाईक, बाकी रंग, काच, महागडी हत्यारं हे सगळं नंतर येतं.

मोझाईक कसं शिकायचं असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सगळं एकत्र सविस्तर लिहितेय. एक फूट बाय एक फूट पॅनल धरून चालू, त्यावर आपला पांढऱ्या गळ्याचा खंड्या, म्हणजे किंगफिशर, मुठेच्या काठी वायरवर बसलेला दिसतो तोच. खंड्या मुद्दाम निवडलाय कारण त्याचे रंग मोकळे आणि मोठे आहेत, चॉकलेटी डोकं, पांढरा गळा आणि छाती, झगझगीत निळी पाठ आणि पंख, आणि लालभडक चोच, आणि हे सगळे रंग पुण्यातल्या दुकानांत फार न फिरता मिळतात.

सगळ्यात आधी ओळी

नवीन माणूस काय करतो, चित्र काढतो, निळ्या भागात निळे तुकडे भरतो, लाल भागात लाल, आणि झालं म्हणतो. लांबून पक्षी ओळखू येतो पण काम मेलेलं दिसतं. कारण तुकडे कुठल्याच दिशेने जात नाहीत, नुसते भरलेत. मोझाईकमध्ये प्रत्येक तुकडा एका ओळीत असतो आणि ती ओळ कुठेतरी निघालेली असते, इटालियनमध्ये याला अँडामेंटो म्हणतात. पंखावरची ओळ पिसाच्या दिशेने जाते, छातीवरची ओळ छातीच्या गोलाईने वळते, पाण्याची आडवी वाहते. तुकड्यांमधले सांधे म्हणजे तुमच्या पेन्सिलच्या रेघा आहेत असं समजा, आणि त्या रेघा ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरायचं सिमेंटचं मिश्रण, भरल्यावर आणखी उठून दिसतात.

रोमन लोकांना हे अचूक माहीत होतं. पॉम्पेईला १८३१ मध्ये सापडलेलं अलेक्झांडरच्या लढाईचं मोझाईक, आता ते नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे, त्याचे मोठे फोटो नेटवर मिळतात, ते झूम करून घोड्यांच्या अंगावरचे तुकडे बघा. तुकडे अगदी बारीक, काही मिलिमीटरचे, आणि प्रत्येक स्नायूच्या वळणाने ओळ वळलीय. दुसरी एक गोष्ट रोमन मोझाईकमध्ये पुन्हा पुन्हा दिसते, आकृतीच्या कडेने बॅकग्राउंडच्याच रंगाची एक किंवा दोन ओळी आकृतीला चिकटून फिरवतात आणि मग बाकीचं बॅकग्राउंड सरळ ओळींत भरतात. ही एक ओळ काय जादू करते ते करून बघितल्याशिवाय पटत नाही, आकृती एकदम सुटी होऊन पुढे येते.

इटलीतल्या रॅव्हेनाचं सान व्हिताले चर्च, इसवी सन ५४७ मध्ये त्याचं काम पूर्ण होऊन ते उघडलं, तिथल्या बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातल्या, मोझाईकचेही फोटो जरूर बघा. बायझंटाईन कारागीर सोन्याच्या वर्खाचे काचेचे तुकडे मुद्दाम थोडे तिरके बसवत, म्हणजे दिव्याचा उजेड प्रत्येक तुकड्यावरून वेगळा परततो आणि भिंत जिवंत वाटते. आपल्याकडे उदयपूरच्या सिटी पॅलेसमधले मोर चौकातले काचेचे मोर बघा, चंदीगडला नेक चंद यांनी फुटक्या टाईल, कपबशा, बांगड्या यातून उभं केलेलं रॉक गार्डन बघा, ते १९७६ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. बार्सिलोनाच्या पार्क ग्युएलमधला तो लांबलचक वळणावळणाचा बाक तर सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो, वास्तुकार गाउडी आणि त्याचा सहकारी जुजोल यांचं काम, तिथे तुकडे वेडेवाकडे फुटलेले आहेत पण तरी बघा, फटी सारख्या आहेत.

तर पहिला अभ्यास, एक रुपया खर्च न करता: असा एखादा फोटो प्रिंट करा, वर ट्रेसिंग पेपर ठेवा, आणि रंग आकार सगळं विसरून फक्त ओळी पेन्सिलने काढा. आठवडाभर रोज एक काढा. मग आपल्या खंड्याच्या चित्रावर तसंच करा, अजून एकही तुकडा न कापता. माझ्या मते हा भाग गाळून थेट कटिंगला बसणाऱ्यांची प्रगती तिथेच अडकते, आणि मग ते हत्याराला दोष देत बसतात.

माल कुठला आणि कुठून

सुरुवातीला सिरॅमिक वॉल टाईल आणि काचेची मोझाईक टाईल एवढंच घ्या. टाईल घेताना एक साधी परीक्षा: टाईल उलटी करून मागच्या बाजूला पाण्याचा एक थेंब टाका. थेंब पटकन शोषला गेला तर ती वॉल टाईल आहे, अंग भुसभुशीत, हाताच्या निप्परने, म्हणजे तुकडे तोडायच्या पकडीने, छान तुटते. थेंब तसाच बसून राहिला तर ती व्हिट्रिफाईड आहे, तिची पाणी शोषण्याची टक्केवारी अर्ध्या टक्क्याच्याही आत असते, ती दगडासारखी कडक, हाताने कापायला गेलात तर मनगट जाईल आणि तुकडा हवा तसा तुटणारही नाही. परदेशी व्हिडिओंमध्ये सांगतात की वॉल टाईल बाहेर अजिबात लावू नका, ते तिकडच्या बर्फासाठी आहे, टाईलमध्ये शिरलेलं पाणी गोठून फुगतं आणि टाईल फोडतं. पुण्यात पाणी गोठत नाही, त्यामुळे बाल्कनीच्या भिंतीवर वॉल टाईल चालते, फक्त पावसाचा सतत मारा असलेल्या बाजूला शेवाळ धरतं एवढं लक्षात ठेवा.

गंगाधामच्या बाजूला टाईल-मार्बलची दुकानं ओळीने आहेत, तिथे जाऊन सरळ विचारायचं, "दादा, बंद झालेल्या डिझाईनचे सुटे पीस किंवा सॅम्पल आहेत का?" पूर्ण बॉक्स विकणाऱ्याला सुट्या पीसची अडचणच असते, स्वस्तात देतात, कधी कधी नुसतेच देतात. पण प्लेन रंग मागा, आणि रंग टाईलच्या अंगातच आहे की फक्त वरच्या चकचकीत थरात ते तुटलेल्या कडेला बघून घ्या, कारण मोझाईकमध्ये कड दिसते. फोटो छापलेल्या डिझाईनच्या टाईल टाळा, तुकडे केले की त्या मळकट दिसतात.

काचेची मोझाईक म्हणजे स्विमिंग पूलमध्ये असते ती, २० मिमी बाय २० मिमी, ४ मिमी जाड, कागदावर किंवा जाळीवर चिकटवलेल्या शीटमध्ये येते, एका शीटमध्ये १५ गुणिले १५ म्हणजे २२५ तुकडे. खंड्याच्या पाठीसाठी हीच हवी, दोन-तीन निळ्या छटांची एकेक शीट पुरते. चोचीसाठी लाल काच नाही मिळाली तर तुळशीबागेतून लाल काचेच्या बांगड्या घ्या, चोच लांबट आहे आणि बांगडीचा तुकडा हलका वळलेला असतो, तो फार सुंदर बसतो. फुटक्या कपबशांसाठी बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, किंवा नातेवाईकांना सांगून ठेवा, सगळ्यांच्या घरी एक तरी कान तुटलेला कप टाकवत नाही म्हणून पडलेला असतो. कपाचा तुकडा वळलेला असतो त्यामुळे सपाट पॅनलवर छोटे तुकडे करूनच वापरा.

आरसा वापरायची सगळ्यांना घाई असते. वापरा, पण थोडा. आणि आरसा चिकटवताना व्हिनेगरसारखा वास येणारं नेहमीचं सिलिकॉन वापरू नका, ते मागचा चंदेरी थर खातं, काही महिन्यांत काळे डाग येतात. दुकानात न्यूट्रल सिलिकॉन म्हणून मागा.

हत्यारं, आणि फुप्फुसं

चाकवाले निप्पर ही एकच गोष्ट चांगल्यातली घ्या, ती ऑनलाईन मागवावी लागेल, काच आणि वॉल टाईल दोन्हीला चालते. बाकीचं सगळं बोहरी आळीत एका चकरेत मिळतं: काचेचा कटर, छोटी हातोडी, थापी, ग्राउट भरायचा रबरी फ्लोट, स्पंज, कड घासायचा दगड, बादली. शिवाय चिमटा आणि जुने टूथब्रश.

चष्मा हवाच, म्हणजे बाजूने बंद असलेला गॉगल, नंबरचा चष्मा पुरत नाही. आणि धुळीबद्दल गंभीरपणे सांगते, टाईल आणि दगड ग्राइंडरने कोरडा कापला की जी पांढरी धूळ उडते त्यात सिलिका असतं, ते फुप्फुसात जाऊन बसतं आणि परत निघत नाही, सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार आहे. निप्परने कापताना धूळ कमी असते तरी एन-९५ मास्क घाला. ग्राइंडर लावणारच असाल तर पाणी मारत कापा आणि घरात अजिबात नको. झाडू मारू नका, धूळ परत हवेत जाते, ओल्या फडक्याने पुसून घ्या. फ्लॅटमध्ये काम करत असाल तर एक कोपरा ठरवा, खाली जाड प्लास्टिक, पायात कायम चप्पल, आणि काम संपलं की ते प्लास्टिक चारी बाजूंनी उचलून थेट कचऱ्याच्या जाड पिशवीत. रांगतं मूल असेल तर हे काम गच्चीत किंवा गॅलरीत न्या. काचेची कपची अशी असते की दिसत नाही, आणि टोचल्यावरच कळते. आणि ठोकाठोकी दुपारी करू नका, खालच्या मजल्यावरचे झोपलेले असतात.

बेस

घरात लावायच्या पॅनलला १२ मिमीचा चांगला प्लाय चालतो, पण दोन्ही बाजूंना आणि कडांना सीलर, म्हणजे पाणी अडवणारा लेप, मारून. बाल्कनी, जिना, गेट, कुठेही जिथे पाणी येऊ शकतं तिथे प्लाय नको, सिमेंट फायबर बोर्ड घ्या, ८ मिमी, भवानी पेठेत मिळून जाईल आणि तिथेच मापाने कापूनही घ्या. प्लाय पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो, आणि वरचा मोझाईक काही हलत नाही, मग सांध्यात बारीक चिरा जातात आणि एक दिवस तुकडे सुटायला लागतात.

टांगायचे हुक किंवा मागची पट्टी आत्ताच लावून घ्या, काम झाल्यावर उलटं करून ड्रिल मारणं म्हणजे मेहनतीवर पाणी. वजनाचा अंदाजही आत्ताच: सिरॅमिक, बोर्ड, ॲडेसिव्ह, ग्राउट सगळं मिळून चौरस फुटाला साधारण ३ किलो धरा. आपला खंड्या ३ किलोचा, त्याला दोन स्क्रू बस. पण उद्या कोणी २ फूट बाय ३ फूट मागितलं तर ते १८ किलोचं धूड होणार, त्याला भिंतीत चांगले फास्टनर लागणार आणि उचलायला दोन माणसं.

चित्र आणि हिशोब

खंड्या बाजूने काढा, चोच डावीकडे. बारीकसारीक पिसं काढू नका, पाच-सहा मोठे आकार पुरेत. मग जाड पेनने ओळींच्या दिशा काढा: डोक्यावर चोचीच्या मुळापासून मागे मानेकडे, छातीवर गळ्यापासून खाली गोल, पंखावर खांद्यापासून टोकाकडे निमुळत्या. हे बोर्डवर कार्बन पेपरने उतरवा आणि परमनंट मार्करने पक्कं करा.

तुकड्यांचा आकार ठरवताना वेळेचा हिशोब करा. एक सेंटीमीटरचे तुकडे, मध्ये एक मिलिमीटर फट, तर एका चौरस फुटात जवळपास ७७० तुकडे बसतात. दोन सेंटीमीटरचे, दोन मिलिमीटर फट ठेवून, तर १९० च्या आसपास. आणि अर्ध्या सेंटीमीटरवर गेलात तर अडीच हजारांच्या वर. कापणं, माल लावणं, बसवणं मिळून एका तुकड्याला एक मिनिट धरलं तरी ७७० तुकडे म्हणजे जवळपास १३ तास. पहिल्या पॅनलला पक्षी एक सेंटीमीटरच्या आसपास आणि बॅकग्राउंड दोन सेंटीमीटरचं ठेवा, आकारातल्या फरकामुळे पक्षी आपोआप पुढे येतो हा आणखी एक फायदा.

कटिंग, आता जवळून

सगळ्यांची पहिली चूक हीच की निप्पर टाईलमध्ये खोल घालतात आणि जोर लावतात. तसं नाही. काचेचा तुकडा डाव्या हातात धरा, निप्परची चाकं त्याच्या कडेवर फक्त २-३ मिलिमीटर आत येतील एवढीच ठेवा, चाकांची रेघ तुम्हाला जिथे चीर हवी त्या दिशेला करा, आणि हळू दाबा. टक् असा आवाज येतो आणि चीर स्वतःच त्या दिशेने पळते. आधी अर्धा करा, मग त्याचे अर्धे, म्हणजे १ सेंटीमीटरचे चार. दुसरा हात तुकड्यावर झाकून ठेवा म्हणजे उडणार नाही.

डोळ्यासाठी गोल हवा. काळा चौकोन घ्या, चारी कोपरे तोडा, अष्टकोन झाला. आता उरलेले आठ कोपरे जेमतेम एक मिलिमीटर चावत चावत जा, तुकडा फिरवत, निप्पर एका जागी. शेवटी दगडावर कड घासा. डोळा हा पूर्ण पक्ष्यातला एकमेव तुकडा आहे ज्यावर अर्धा तास गेला तरी चालेल, आणि तो सगळ्यात आधी बसवा, कारण बाकीचं डोकं त्याच्याभोवती वळणार आहे.

वळणदार ओळीसाठी चौकोन चालत नाहीत, बाहेरच्या बाजूला फट मोठी होते. तिथे किंचित निमुळते तुकडे लागतात, एक बाजू ९ मिलिमीटर, समोरची ७. पंखाच्या वळणावर सात-आठ असे तुकडे लागतील, ते आधीच कापून कोरडेच मांडून बघा. कोरडं मांडणं ह्या सवयीला पर्याय नाही, एका वेळी तळहाताएवढा भाग मांडा, उठून पाच फूट लांब जा, डोळे अर्धवट मिटून बघा, ओळ कुठे अडखळतेय ते लगेच दिसतं, ते दुरुस्त करा आणि मगच चिकटवा.

चिकटवणं

घरातल्या प्लायवर फेविकॉल चालतो, बाहेरच्या कशालाही पॉलिमर असलेलं टाईल ॲडेसिव्ह, आणि काच असेल तर पांढरंच घ्या. काच आरपार असते, मागचं राखाडी ॲडेसिव्ह तिचा रंग मारून टाकतं, आणि दातेरी थापीने मालात पडलेल्या रेघाही दिसतात, म्हणून माल पसरून थापीने सपाट करून घ्या. साधा फेविकॉल पाण्यात पुन्हा मऊ पडतो, बाहेरच्या कामाला तो कितीही भरला तरी पहिल्या पावसाळ्यात उत्तर मिळतं.

ॲडेसिव्ह थोडंच कालवा, दोन मुठी पावडर, पाण्यात पावडर टाकायची, पावडरीत पाणी नाही. घट्ट श्रीखंडासारखं झालं पाहिजे, थापी उभी केली तर माल घसरू नये. पाच-दहा मिनिटं तसंच ठेवा, परत ढवळा, मग वापरा. नंतर घट्ट झालं म्हणून वरून पाणी घालू नका, ताकद जाते, टाकून द्या आणि नवीन कालवा. हातमोजे घाला, सिमेंट त्वचा खातं आणि ते लगेच जाणवत नाही, रात्री बोटं फुटल्यावर जाणवतं.

पुण्यातला एप्रिल-मे इथे मोठा खलनायक आहे. कोरडी गरम हवा, वारा, आणि बोर्डवर पसरलेल्या मालावर काही मिनिटांत साय धरते, वरून ओलं वाटतं पण तुकडा धरत नाही. बोटाने टेकवून बघा, बोटाला माल लागला तर ठीक, नाही लागला तर खरवडून काढा. या दिवसांत सकाळी लवकर काम करा, बोर्ड आधी ओल्या स्पंजने पुसा, आणि एका वेळी पोस्टकार्डाएवढाच भाग पसरा. पावसाळ्यात उलटं, सुकायला दुप्पट वेळ लागतो, घाई करून ग्राउट भरू नका.

दाबताना माल सांध्यातून अर्ध्याच्या वर आला नाही पाहिजे, आला तर लगेच टूथपिकने काढा, ग्राउटला जागा हवी. क्रम असा: डोळा, चोच, डोकं, गळा, छाती, मग पाठ-पंख, मग पक्ष्याभोवती बॅकग्राउंडच्या रंगाची ती एक ओळ, आणि शेवटी बॅकग्राउंड. कडेला पूर्ण चौकोन बसवा, चिंध्यांसारखे तुकडे कडेला आले की पॅनल अर्धवट वाटतं.

उलटी पद्धत, नेमप्लेटसाठी

दाराची नेमप्लेट ही पुण्यात सगळ्यात जास्त मागणी असलेली गोष्ट आहे, आणि ती गुळगुळीत सपाट हवी, हात फिरवला तर टोचायला नको. काच ४ मिलिमीटर आणि टाईल ६-७ मिलिमीटर, सरळ चिकटवलं तर वरखाली होणारच. अशा वेळी उलटं करायचं. ब्राऊन पेपरवर अक्षरं आरशात दिसतात तशी उलटी काढा, ट्रेसिंग पेपर पालथा करून उतरवलं की चुकत नाही. मैद्याची खळ करा, घरी पतंगाला करायचो तीच, आणि तुकडे तोंड खाली करून कागदावर चिकटवा. सुकलं की बोर्डवर ॲडेसिव्ह पसरून हा पूर्ण कागद उलटा त्यावर बसवा, फळीने हलकं ठोकून लेव्हल करा, दुसऱ्या दिवशी कागद ओला करा, खळ विरघळते, कागद सोलून निघतो आणि खाली एकसारखा पृष्ठभाग.

देवनागरीला मोझाईक फार मानवतं. शिरोरेषा म्हणजे आयती सरळ ओळ, सगळं नाव तिला टांगलेलं. ती एकाच उंचीच्या तुकड्यांनी आधी पूर्ण करा आणि मग अक्षरं खाली उतरवा. त्रास देतात ते ळ, क्ष, आणि श ची गाठ, त्यासाठी अक्षराची उंची ३ इंचांच्या खाली घेऊ नका, नाहीतर मधल्या पोकळ्यांत तुकडाच मावत नाही. अक्षर गडद आणि मागचं फिकं किंवा उलट, मध्यम रंगावर मध्यम रंग दोन फुटांवरून वाचता येत नाही.

ग्राउट

चिकटवल्यावर किमान २४ तास, पावसाळ्यात ४८, मगच ग्राउट. आणि रंग विचार करून. पांढरा ग्राउट बहुतेक चित्रं धुऊन टाकतो, प्रत्येक सांधा ओरडतो आणि रंग फिके पडतात. मध्यम राखाडी जवळपास नेहमी चालतो, खंड्याला तर गडद राखाडीच, निळा एकदम उजळतो. ठरत नसेल तर एका जुन्या बोर्डाच्या तुकड्यावर उरलेले तुकडे चिकटवून तीन रंग भरून बघा. ग्राउटमध्ये हार्डवेअरचा ऑक्साइड रंग मिसळायचा तर कोरड्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवा. प्रमाण म्हणाल तर बारीक काचेच्या कामाला चौरस फुटाला पाव किलो भरपूर, जाड टाईल आणि रुंद फटी असतील तर पाऊण किलोपर्यंत जातं. ३ मिलिमीटरहून रुंद फटींना वाळूवालं ग्राउट, नाहीतर चिरा पडतात.

आधी पॅनल ओल्या स्पंजने पुसा. रबरी फ्लोट तिरका धरून सगळ्या दिशांनी दाबून भरा, तिरप्या फटकाऱ्याने जास्तीचं काढा. पंधरा-वीस मिनिटांनी वर पांढुरकी झाक आली की नीट पिळलेल्या स्पंजने तिरकं पुसा, सांध्याच्या दिशेने पुसलं तर भरलेलं निघून येतं. स्पंज ओला टपकता नको, पाणी जास्त झालं की ग्राउट कमकुवत आणि ठिकठिकाणी वेगळ्या रंगाचं दिसतं. मग कोरड्या सुती फडक्याने चमकवा, खाचांत टूथब्रश. पुढचे दोन-तीन दिवस प्लास्टिकने झाकून ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हलका फवारा मारा.

ग्राउटचं पाणी बेसिनमध्ये किंवा मोरीत कधीच ओतू नका, ते पाइपमध्ये जाऊन दगड होतं. बादली रात्रभर ठेवा, गाळ खाली बसतो, वरचं पाणी झाडाला न घालता रस्त्याच्या कडेच्या मातीत ओता, गाळ वाळवून कचऱ्यात. उरलेला सिमेंटचा पांढरा थर घालवायला कोणी ॲसिड सुचवेल, संगमरवर किंवा कुठलाही चुनखडीचा दगड वापरला असेल तर ॲसिडचा थेंबही नको, चकाकी कायमची जाते.

हे काम म्हणून करायचं असेल तर

पहिली पाच-सात पॅनल स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी करा, आणि प्रत्येकाचे तास लिहून ठेवा, डिझाईन, खरेदी, कटिंग, चिकटवणं, ग्राउट, साफसफाई सगळं वेगवेगळं. ही वही म्हणजेच तुमचं रेटकार्ड. लोक चौरस फुटाचा भाव विचारतात आणि आपणही घाईत सांगून बसतो, पण ७७० तुकड्यांचा चौरस फूट आणि १९० तुकड्यांचा चौरस फूट यांचा भाव एक कसा असेल? म्हणून मी आधी विचारते की कुठे लावायचंय, किती लांबून बघणार आहेत. जिन्याच्या वरच्या भिंतीवर दहा फुटांवरून बघायचं असेल तर बारीक काम वायाच जातं, मोठे तुकडे घ्या, त्यांचे पैसे वाचतात आणि चित्रही जास्त ठसठशीत दिसतं.

कोणी म्हणतं, "ताई, टाईलच तर आहे, एवढे कसे?" चिडू नका. हातात निप्पर द्या आणि चार तुकडे कापायला सांगा, मनापासून, समजावं म्हणून. बहुतेक वेळा तिथून बोलणं वेगळंच होतं. ॲडव्हान्स निम्मा घ्या, डिझाईन कागदावर रंगवून त्यावर सही घ्या, ग्राउटच्या रंगाचा नमुनाही दाखवून घ्या. बाहेर लावायच्या कामात भिंतीला गळती किंवा ओल असेल तर आधी ती काढायला सांगा आणि तोवर काम लावू नका, ओल्या भिंतीवरचं मोझाईक मागून सुटतं आणि बोल आपल्याला लागतो. तुळशीवृंदावनाची ऑर्डर आली तर आतून वॉटरप्रूफिंग आहे का आणि पाणी निघायला भोक आहे का ते बघा, रोज पाणी पडणारी जागा आहे, तिथे फक्त सिमेंटचं ॲडेसिव्ह आणि शक्यतो इपॉक्सी ग्राउट.

रोज थोडं काम करण्याबद्दल एक सांगते. कटिंग हे मनगट आणि अंगठ्याचं काम आहे, दोन तास सलग झालं की थांबा, उरलेला वेळ ओळी काढण्यात घालवा. रस्त्याने जाताना दिशा बघायची सवय लागते, वडाच्या पारंब्या, पर्वतीच्या पायऱ्यांचे दगड, मंडईत रचून ठेवलेल्या लिंबांचे थर, माशाचे खवले. खिशात छोटी वही ठेवा आणि रंग नाही, फक्त ओळी टिपा. माझी बहुतेक बॅकग्राउंड अशाच वहीतून आलीत.

काम देताना सोबत उरलेले दहा-बारा तुकडे आणि मूठभर कोरडं ग्राउट छोट्या पिशवीत, वर लेबल लावून द्या, वर्षांनी एखादा तुकडा निघाला तर तोच रंग बाजारात मिळत नाही. पुसायला साधं पाणी आणि मऊ फडकं, फार तर भांड्याच्या साबणाचा थेंब, टॉयलेट क्लीनर कधीच नाही. बाहेरच्या सिमेंट ग्राउटवर दर दोन-तीन वर्षांनी पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यात, सीलरचा एक हात मारायचा, भिंत पूर्ण कोरडी असताना.